उमरेडच्या वर्कशॉपमधून : धंदा आणि ओळखी

उमरेडसारख्या गावात ओळखींची टंचाई कधीच नसते. बाजारात निघालं की दहा पावलांवर कुणीतरी 'कसं काय जी?' म्हणून थांबवतंच. तरीही याच गावात हातात उत्तम कसब असलेले कारागीर आठवडेच्या आठवडे कामावाचून बसलेले मी पाहिले आहेत. त्यांच्या कामात खोट नव्हती. त्यांचं काम चांगलं आहे हे ज्यांना ठाऊक होतं, त्या सगळ्यांच्या घराची फाटकं आधीच बसवून झाली होती, एवढंच.

माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. सुरुवात ग्रिल, गेट आणि शटरच्या दुरुस्तीपासून झाली. मग डवरे-वखर आले, पाचगावकडच्या गिट्टी क्रशरचे हॉपर आणि जाळ्या आल्या, राइस मिलचे एलिव्हेटर आले, कोळसा खाणीत काम करणाऱ्या ठेकेदारांच्या डंपरच्या ट्रॉल्या आल्या. यातलं एकही मोठं काम पाटी वाचून किंवा जाहिरात पाहून आलेलं नाही. प्रत्येकाच्या मागे कुणीतरी माणूस होता, ज्यानं माझ्या गैरहजेरीत माझं नाव घेतलं. गावातल्या ओळखी धंदा सांभाळतात, पण तो वाढायचा असेल तर गावाबाहेरच्या ओळखी लागतात आणि त्या ठरवून कराव्या लागतात, अशी माझी पक्की समजूत झाली आहे. नवीन धंद्यात पडलेल्या आपल्या भागातल्या मुलांसाठी हे लिहितो आहे.

१. मोठं काम बहुतेक वेळा अर्ध्या ओळखीच्या माणसाकडून येतं

क्रशरचं माझं पहिलं काम नागपूरला दिघोरीकडे टायर रिमोल्ड करणाऱ्या एका गृहस्थांमुळे मिळालं. आमची ओळख जेमतेम होती. कधीतरी त्यांच्या दुकानातला रॅक मी जोडून दिला होता. त्यांच्याकडे क्रशरवाल्यांचे टिप्पर टायरसाठी येत. एका मालकाचा हॉपर फाटला होता, काम थांबलं होतं, आणि नागपूरचा कारागीर दोन दिवसांनी येतो म्हणत होता. या गृहस्थांनी म्हटलं, "उमरेडले एक पोऱ्या आहे, रात्रीचा येऊन करून देईल." माझे सख्खे नातेवाईक, शाळेतले मित्र, गल्लीतले शेजारी सगळे माझ्यावर जीव टाकणारे, पण त्यांच्यापैकी कुणाचाही क्रशरशी संबंध नव्हता. त्यांना जे माहीत होतं ते मलाही माहीत होतं.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाचा १९७३ सालचा एक निबंध याच विषयावर आहे. बॉस्टनजवळच्या एका उपनगरात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं, की ज्यानं खबर दिली तो माणूस तुम्हांला किती वेळा भेटत असे? नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून खबर मिळाली असं सांगणारे शंभरात सतरासुद्धा भरले नाहीत. पंचावन्न-छप्पन्न जणांनी अधूनमधून भेटणाऱ्याचं नाव घेतलं, आणि उरलेल्यांनी क्वचितच भेटणाऱ्याचं. कारण सरळ आहे. जवळची माणसं आपल्याच वर्तुळात फिरतात. दूरचा माणूस दुसऱ्या वर्तुळातला असतो, म्हणून त्याच्याकडे नवी खबर असते.

तेव्हा टायरवाला, ट्रान्सपोर्टवाला, वजनकाट्यावरचा माणूस, मोटार रिवाइंडिंगवाला यांच्याशी दोन मिनिटं जास्त बोलावं. यांच्याकडे पाच वेगवेगळ्या धंद्यांचे लोक रोज येतात.

२. एकाच दारावर पोट ठेवू नये

उमरेड हे विणकरांचं गाव. इथली रेशीमकाठी धोतरं एके काळी नावाजलेली होती. १८७७ साली नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गिरणीचं स्वस्त कापड आपल्या बाजारात भरलं. हातमागाला उतरती कळा लागण्याचं हे मोठं कारण, यात शंका नाही. पण त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती, ती आपण फारशी बोलत नाही. आपल्याकडच्या बहुतेक विणकरांना सूत देणारा आणि तयार माल उचलणारा व्यापारी एकच असे. वापरणारा माणूस कोण, तो कुठे राहतो, त्याला काठ कसा हवा, हे विणकरापर्यंत पोचायचंच नाही. भाव व्यापारी सांगेल तो. बाजार फिरला तेव्हा व्यापारी गिरणीच्या मालाकडे वळू शकला. विणकराला वळायला दुसरं दार ठाऊकच नव्हतं. इतकी मोठी कला, आणि तिचा बाहेरच्या जगाशी संबंध एका माणसाच्या हातात. मला हे फार लागतं.

आज तीच गत एका ठेकेदारावर चालणाऱ्या वर्कशॉपची होते. खाणीच्या कामाचा पैसा मोठा दिसतो, म्हणून बाकीची गिऱ्हाइकं सोडून देणारे पुष्कळ. ठेका संपला, की ठेकेदार यंत्रं उचलून दुसऱ्या जिल्ह्यात जातो. मागे राहतं ते भाड्याचं शेड आणि बसलेली माणसं.

आपल्या तालुक्याचं नशीब असं, की पन्नास किलोमीटरच्या आत फार वेगवेगळे धंदे आहेत. वेस्टर्न कोलफील्ड्सची खाण आहे. पाचगावला गिट्टी आहे. नागभीडच्या बाजूला गेलं की धान आणि राइस मिल सुरू होतात. कापसाचे जिनिंग आहेत. भिवापूरची मिरची आहे. गोसीखुर्द धरणामुळे कालव्यांची कामं आली, पुनर्वसनाची नवी गावठाणं वसली. आणि २०१२ साली उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य झालं. २०१३ मध्ये नागझिऱ्याहून 'जय' नावाचा वाघ इकडे आला तेव्हा त्याला बघायला किती लांबून माणसं येत होती ते सगळ्यांना आठवतं. २०१६ च्या एप्रिलनंतर तो दिसला नाही, आणि सगळा भाग हळहळला. पण गेटवरची वर्दळ सुरू झाली होती ती राहिली. सफारीच्या जिप्सींना मागची बाकं आणि धरायचे पाइप बसवावे लागतात. रिसॉर्टला फाटकं, जिने, पाण्याच्या टाकीचे स्टँड लागतात. हे काम माझ्याकडे आलं ते एका जिप्सी चालवणाऱ्या मुलामुळे. त्याच्या वडिलांचा वखर मी दुरुस्त करून देत असे.

या प्रत्येक धंद्याचा हंगाम निराळा. पावसाळ्यात अभयारण्याचे दरवाजे बंद आणि क्रशर थंडावलेले, तेव्हा शेतीची अवजारं चालतात. धान निघालं की मिलवाले रात्री दोनला फोन करतात. प्रत्येक धंद्यात आपल्याला नावानं ओळखणारी निदान दोन माणसं असावीत, असा मी नियम ठेवला. दोन यासाठी, की एक गाव सोडून जाऊ शकतो.

३. भेटायला ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ हवी

इतवारी-नागभीड नॅरोगेज गाडी चालू होती तोवर आम्हांला हे शिकायची गरज पडली नव्हती. गाडी सावकाश चालायची. नागपूरला इतवारीला उतरलं की बाजार समोरच. त्या डब्यात लोखंडवाले, किराणावाले, मिरचीवाले, शिलाई मशीनचे सुटे भाग आणणारे, भाजीवाल्या बाया, सगळे ठरलेल्या जागी बसत. कुणाचा माल कुठे अडला, इतवारीत चॅनल-अँगलचा भाव काय, कोणता व्यापारी हल्ली पैशाला लांबवतो आहे, हे सगळं कुहीच्या आधी कळून जाई. त्याला कुणी सभा म्हणत नव्हतं, पण आमच्या भागातल्या छोट्या धंदेवाल्यांची ती रोजची सभाच होती.

२०१९ च्या नोव्हेंबरात ब्रॉडगेजच्या कामासाठी ती गाडी बंद झाली. ब्रॉडगेज हवीच होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जो तो आपापल्या मोटारसायकलवर किंवा एसटीनं जायला लागला आणि बोलणं तुटलं. पुढे चार महिन्यांत टाळेबंदी आली. तेव्हा जाणवलं, की ज्यांच्याबरोबर इतकी वर्षं प्रवास केला त्यांच्यापैकी कित्येकांचे फोन नंबरसुद्धा आपल्याकडे नाहीत. लागत नव्हते, कारण सकाळी भेट ठरलेली होती.

टाळेबंदी उठल्यावर आम्ही काही जणांनी महिन्याचा दुसरा शनिवार धरला. त्या दिवशी बँका बंद असतात, चेक-भरण्याची धावपळ नसते. जागा एका दालमिलवाल्या काकाजींच्या गोदामाची ओसरी. नियम दोनच ठेवले. प्रत्येकानं सांगायचं की सध्या काय अडलं आहे, आणि प्रत्येकानं सांगायचं की आपल्याला असं काय माहीत आहे जे दुसऱ्याच्या उपयोगी पडेल. वर्गणी नाही, पदाधिकारी नाहीत, हारतुरे नाहीत. जो येईल तो येईल, पण बैठक रद्द करायची नाही. दोनच माणसं आली तरी ती दोन माणसं बसतात.

मोठ्या शहरात यासाठी संस्था असतात, आणि त्यांचा उपयोग खरा आहे. नागपुरात नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्स १९४४ पासून आहे, विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन १९६३ पासून. त्यांच्या प्रदर्शनांना, चर्चासत्रांना उमरेडच्या माणसानं जरूर जावं. रोटरीची सुरुवातही अशीच झाली होती. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस हा वकील आणि त्याचे तीन सोबती आळीपाळीनं एकमेकांच्या कामाच्या जागी जमू लागले, म्हणून ते नाव पडलं. आम्हीही मधूनमधून ओसरी सोडून एखाद्याच्या कारखान्यात बसतो. माणसाचं यंत्र डोळ्यांनी पाहिलं की त्याला कोणतं काम सांगावं हे नीट कळतं. गप्पांत ते कळत नाही.

४. दुसऱ्याचं काम जुळवून द्यावं

यावर फार लिहायची गरज नाही. नागभीडकडच्या एका मिलमालकाची मोटार ऐन हंगामात जळाली. ते काम माझं नव्हतं. मी भिवापूरच्या रिवाइंडिंगवाल्याला फोन लावून दिला, मोटार रातोरात पोचवायला गाडी मिळवून दिली. त्यात माझा एक रुपया नव्हता. त्या मिलमालकानं नंतर एलिव्हेटर बदलला तेव्हा दुसऱ्या कुणाकडे भावही विचारला नाही. पण त्यानं काम दिलं नसतं तरी रिवाइंडिंगवाला माझ्या बाजूचा झालाच होता.

फोन नंबर देऊन मोकळं होणं आणि दोन माणसांना एकमेकांशी बोलायला लावणं, यात फार अंतर आहे. मी स्वतः आधी फोन करतो, 'अमुक भाऊ तुम्हांला फोन करतील, त्यांचं काम असं असं आहे' हे सांगतो. पाच मिनिटं जातात.

५. शिफारस करताना दोन्ही बाजू सांगाव्या

ज्याचं काम डोळ्यांनी पाहिलं नाही त्याचं नाव मी पुढे करत नाही, मग तो मामेभाऊ का असेना. आणि ज्याचं नाव सांगतो त्याच्याबद्दल पूर्ण सांगतो. "वेल्डिंग एक नंबर आहे, पण वेळेचा भरवसा धरू नका, दोन दिवस जास्त धरा." असं सांगितलं की सुरुवातीला कारागिराला राग येतो. पण गिऱ्हाईक दोन दिवस जास्त धरून चालतं, काम वेळेत झाल्यासारखं वाटतं, आणि तिघांचेही संबंध टिकतात. लहान गावात एक चुकीची शिफारस पुष्कळ काळ लक्षात राहते. माझ्या ओळखीचे एक सुतारकाका कुणाची शिफारस करायची झाली तर त्या माणसाबरोबर पहिल्या दिवशी स्वतः जागेवर जातात. मला ती पद्धत फार आवडते.

६. त्याच धंद्यातला माणूस

गावात आमच्यासारखी वर्कशॉप बरीच आहेत. नवीन मुलं मला विचारतात, की बाजूच्या वर्कशॉपवाल्याशी कसं वागावं? मी म्हणतो, रोज चहा प्यावा.

एकदा क्रशरवाल्याकडून तीन हॉपर आणि सगळ्या चाळण्यांच्या फ्रेमचं काम आलं. मुदत थोडी होती. एकट्यानं घेतलं असतं तर मुदत हुकली असती. नाही म्हटलं असतं तर काम नागपूरला गेलं असतं आणि पुढची कामंही त्याच वाटेनं गेली असती. आम्ही तीन वर्कशॉपनी ते वाटून घेतलं. एकाकडे प्लेट वाकवायचं रोलिंग मशीन होतं, एकाकडे मोठं कटिंग टेबल, माझ्याकडे माणसं. प्लेट एकत्र घेतल्यामुळे इतवारीत भावही बरा मिळाला. बिल एकाच्या नावानं, बाकी दोघांनी त्याच्या नावे आपापलं जीएसटी बिल केलं. हिशेब त्याच दिवशी कागदावर लिहून तिघांनी सह्या केल्या. नात्यात धंदा करायचा असेल तर कागद पहिल्या दिवशी व्हावा. नंतर कागद मागितला तर तो अविश्वास वाटतो. पहिल्या दिवशी केला तर तो रिवाज असतो.

एक मर्यादा मी पाळतो. दुसऱ्याच्या वर्कशॉपमधला वेल्डर फोडून आणायचा नाही. त्याला माझ्याकडे यायचं असेल तर त्यानं आधी आपल्या मालकाला सांगावं, मग मी त्या मालकाशी बोलतो.

७. उधारीची खबर

उधारीवर माल देण्याआधी बाजारात विचारावं हे सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाला विचारावं, हे ठाऊक असायला हवं. गिऱ्हाइकाच्या मित्राला विचारून काही कळत नाही. डिझेल पंपावर, टायरवाल्याकडे आणि मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडे विचारावं. मजुरांचे पैसे लांबवणारा ठेकेदार तुमचे पैसे आधी देईल, हे शक्य नाही.

कायदाही आपल्या बाजूनं आहे, तो प्रत्येकानं समजून घ्यावा. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही तरतूद आली, की मुदतीत पैसे न देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. उद्यम नोंदणी २०२० च्या जुलैपासून सुरू आहे, फुकट आहे, आणि तरीही आमच्या बैठकीत सुरुवातीला अर्ध्याहून जास्त जणांकडे ती नव्हती. एका सीए ताईंनी येऊन समजावलं आणि मोबाइलवरच कित्येकांच्या नोंदण्या करून दिल्या. त्या ताई माझ्या एका गिऱ्हाइकाच्या सूनबाई. घरात बसून मला हे कुणी सांगितलं नसतं.

८. ज्यांना वारशात ओळखी मिळाल्या नाहीत त्यांच्यासाठी

हा मुद्दा मला सगळ्यांत जवळचा आहे.

इतवारी, गांधीबागच्या बाजारात व्यापारी घराण्यातला मुलगा दुकानात बसतो तेव्हा त्याच्या मागे आजोबांपासूनची पत उभी असते. त्याला माल उधार मिळतो, चुकलं तर सावरायला काका असतो, नवीन गावात उतरायला आपलं माणूस असतं. हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं आहे, त्याचा मला आदर आहे. पण शेतकऱ्याच्या, मजुराच्या, विणकराच्या पोरानं आयटीआय करून वर्कशॉप टाकलं तर त्याच्यामागे काय असतं? ओळख सांगायला एक शिक्षक, फार तर एक बँकेतला शिपाई.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट आपण कर्तबगारीची म्हणून वाचतो. मला ती ओळखीचीही वाटते. बेळगावात त्यांनी सायकलींच्या धंद्यापासून सुरुवात केली, पुढे लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिले मोजके नांगर विकायलाच दोन वर्षं गेली. त्यात बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली आणि उठावं लागलं. अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. औंधात बांधकामाचं काम त्यांनी लक्ष्मणरावांना आधी दिलेलं होतं, माणूस कसा काम करतो हे त्यांनी पाहिलेलं होतं. कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जमीन आणि भांडवलाला कर्ज मिळालं, आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर उत्तम होता, पण जागा गेल्यावर तो उत्तम नांगर कुठे करायचा, याचं उत्तर एका माणसाच्या विश्वासातून आलं. आणि तो विश्वास आधी केलेल्या कामातून आला होता.

सगळ्यांच्या नशिबी औंधचा राजा नसतो, म्हणून ते काम संस्थांनी करायचं असतं. रेल्वेत पूल बांधण्यात आयुष्य घातलेले अभियंते माधवराव भिडे यांनी २००० साली सॅटर्डे क्लब सुरू केला, मराठी उद्योजकांनी एकमेकांना काम द्यावं म्हणून. २००५ साली मिलिंद कांबळे यांनी पुण्यात दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे डिक्की, स्थापन केली. ज्या समाजाला शतकानुशतकं बाजारात पत नाकारली गेली, त्या समाजातल्या कारखानदारांनी एकमेकांना शोधलं, एकत्र आले, मोठ्या उद्योगांच्या आणि सरकारच्या खरेदीच्या दारात जाऊन उभे राहिले. केंद्र सरकारच्या कंपन्यांच्या वार्षिक खरेदीतला निदान २५ टक्के माल सूक्ष्म-लघु उद्योगांकडून आणि त्यातच एकूण खरेदीच्या ४ टक्के माल अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून घ्यायचा, असा नियम आहे. नियम कागदावर असणं आणि आपल्या गावच्या पोराला त्याची निविदा भरता येणं, यांच्यामध्ये एक माहीतगार माणूस लागतो. तो माणूस मिळवून देणं हे मला अशा संस्थांचं सगळ्यांत मोठं काम वाटतं.

आपापल्या समाजाच्या मेळाव्यांतून पहिला आधार मिळतो, तो घ्यावा. पण तिथेच थांबू नये. आमच्या ओसरीवर कोष्टी आहेत, बौद्ध आहेत, तेली, कुणबी, मुसलमान, सिंधी आहेत, उत्तर प्रदेशातून आलेला लेथवाला आहे. त्या लेथवाल्यानं मला कानपूरहून बेअरिंग मागवण्याचा रस्ता दाखवला. माझ्या सोयऱ्यांपैकी कुणालाही तो ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

९. संध्याकाळच्या चहाला नसलेली माणसं

आपल्या धंद्याच्या ओळखी कुठे होतात? टपरीवर, संध्याकाळी सात नंतर, मोटारसायकलला टेकून. तिथे बाई नसते. आणि आपल्या भागात धंदा करणाऱ्या बाया काही थोड्या नाहीत. मिरचीच्या हंगामात सातऱ्यांवर देठं खुडायला शेकडो बाया बसतात. मालाची प्रत त्यांच्याइतकी कुणाला कळत नाही. भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्याच्या जोरावर बचत गटांनी तिखट कांडून, पाकीट करून विकायला सुरुवात केली.

अशाच एका गटाच्या ताई माझ्याकडे पल्व्हरायझरचा स्टँड करून घ्यायला आल्या. बोलता बोलता कळलं, की त्यांना पाकीट सील करायचं मशीन कुठे मिळतं ते माहीत नव्हतं, अन्न परवान्यासाठी कुणाला भेटायचं ते माहीत नव्हतं, आणि नागपूरच्या ज्या दुकानदारानं त्यांचा माल घेतला होता तो पैसे लांबवतो हे आमच्या ओसरीवर प्रत्येकाला माहीत होतं. ही खबर त्यांच्यापर्यंत पोचायला दोनशे मीटरचं अंतर होतं आणि ती पोचली नव्हती.

म्हणून आम्ही बैठकीची वेळ दुपारी तीनची केली. काही जणांनी कुरकुर केली. पण ताई यायला लागल्या, मग शिवणकामवाल्या, पापडवाल्या, एक नर्सरीवाल्या आल्या. त्या आल्यापासून बैठक वेळेत सुरू होते. हिशेबाच्या बाबतीत त्यांच्याकडून आम्ही शिकलो. दर महिन्याला सगळ्यांसमोर वही उघडी करायची बचत गटाची सवय आमच्यापैकी कुणाला नव्हती. आता एकत्र मागवलेल्या मालाचा हिशेब त्याच पद्धतीनं होतो.

तुमच्या गावातल्या धंदेवाल्यांच्या गटात कोण येत नाही, हे एकदा मोजा. वेळ, जागा, भाषा यातलं काय आड येतं ते पाहा. सरळ त्यांनाच विचारलं तर त्या सांगतात.

१०. वही

प्रत्येक माणसाबद्दल दोन ओळी लिहून ठेवतो. नाव, गाव, यंत्र कोणतं, कधी बिघडलं होतं, मुलगी कोणत्या कॉलेजात. मोबाइलमध्ये ठेवलं तरी चालेल. पोळ्याला आणि दिवाळीला सगळ्यांना एकच मेसेज पाठवण्यापेक्षा, ज्याचा एलिव्हेटर आपण बसवला त्याला धान सुरू होण्याआधी फोन करून 'बकेट तपासून घेऊ का?' एवढं विचारावं.

११. ओळखी हातात हात धरून द्याव्या लागतात

माझा पुतण्या आता वर्कशॉप बघतो. ड्रॉइंग त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं, कोटेशन तो कॉम्प्युटरवर करतो. पण क्रशरवाले अजून माझ्याच नंबरवर फोन करतात. त्यामुळे मी त्याला प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाकडे सोबत नेतो. तिथे मी गप्प बसतो, मोजमाप त्याला घेऊ देतो, भाव त्याला बोलू देतो. गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं, मी पुतण्याकडे बघतो. दोन-तीन खेपांनंतर फोन त्याला जायला लागतात. बाप अचानक गेल्यावर चालू धंदा वर्षभरात बसलेला मी आमच्याच भागात पाहिला आहे. यंत्रं होती, कारागीर होते, पण मुलाला एकही पुरवठादार नावानं ओळखत नव्हता.

सध्या पुतण्या आणि त्याच्या वयाची मुलं एक नवीन गोष्ट जुळवत आहेत. मोठं प्लेट वाकवायचं मशीन आणि प्लाझ्मा कटिंग एकट्या वर्कशॉपला परवडत नाही, म्हणून सरकारच्या समूह विकास योजनेतून सामायिक सुविधा केंद्र मागायचं त्यांनी ठरवलं आहे. त्यासाठी उमरेड, भिवापूर, कुहीची वर्कशॉप एकत्र येऊन कंपनी करावी लागेल, जागा लागेल, प्रत्येकाचा वाटा भरावा लागेल. कुहीकडची तीन वर्कशॉप अजून तयार नाहीत. त्यातल्या दोघांना मी ओळखतो, तिसऱ्याला दालमिलवाले काकाजी ओळखतात. येत्या दुसऱ्या शनिवारच्या आधी आम्ही दोघं तिकडे जाऊन येणार आहोत.